ऑनलाइन शिक्षणप्रणाली उभारण्याआधी: नियोजन आणि व्यवहार्यतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्थांना ‘आपल्याला ऑनलाइन शिक्षण झेपेल का?’ याचं उत्तर शोधून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. शाळा, महाविद्यालय, प्रशिक्षण केंद्र किंवा कंपनीचा प्रशिक्षण विभाग, कोणीही ती वाचू शकतं. विद्यार्थी हा शब्द मी सगळ्यांसाठी सरसकट वापरला आहे.

व्यवहार्यता तपासायची म्हणजे नेमकं काय करायचं?

पाच बाजू तपासायच्या: तंत्र, पैसा, कायदा, रोजचा कारभार आणि वेळापत्रक. पुस्तकी यादी हीच आहे आणि ती वाईट नाही. गंमत अशी की पहिल्या दोन बाजूंवर लोक पानंच्या पानं लिहितात, कारभारावर मात्र एक परिच्छेद असतो आणि त्यात ‘कर्मचाऱ्यांना आवश्यक ते प्रशिक्षण देण्यात येईल’ असं एक वाक्य. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक फसलेल्या प्रणाली त्या एका वाक्यात अडकून पडल्या आहेत. सर्व्हर बंद पडला म्हणून फसलेली त्यात जवळपास एकही नाही. कोण, कधी, किती तास बसून हे काम करणार, हा हिशेब कोणी मांडलेलाच नव्हता.

आमचं सॉफ्टवेअर ठरलं आहे. आता फक्त अहवाल हवा आहे. देता का?

ही वरातीमागून घोड्यांची गोष्ट झाली. निर्णय झाल्यावर लिहिलेला अहवाल हा नुसता कागद असतो. तरीही एक काम करता येतं: ठरलेलं सॉफ्टवेअर बाजूला ठेवून ‘कोणाला, काय, कशासाठी शिकवायचं’ याचं एक पान लिहा आणि मग त्या पानासमोर सॉफ्टवेअर धरून बघा.

या बाबतीत मी नेहमी ब्रिटनच्या यूके ई-युनिव्हर्सिटीचा दाखला देतो. सन २००० मध्ये मोठ्या थाटात तिची घोषणा झाली, सुमारे ५ कोटी पौंड सरकारी पैसा खर्च झाला आणि २००४ मध्ये गाशा गुंडाळावा लागला. तोवर विद्यार्थी मिळाले होते सुमारे ९००. पहिल्याच वर्षाचं लक्ष्य होतं ५,६००. तिथल्या संसदीय समितीने २००५ मध्ये केलेल्या चिकित्सेत ठपका आला तो मागणीचा नीट अंदाज न घेता तांत्रिक प्लॅटफॉर्म उभारण्यातच सगळं लक्ष घातल्याचा. हुशार माणसं होती, पैसाही होता. ‘येणार कोण?’ हे आधी कोणी विचारलं नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

दुखणं कुठे आहे ते आधी शोधा. वर्गात जागा पुरत नाही, विद्यार्थी लांब आहेत, नोकरी करणाऱ्यांना दिवसा येता येत नाही, एकच प्रशिक्षण वर्षातून दहा वेळा द्यावं लागतं, विषयाचा शिक्षकच मिळत नाही: ही वेगवेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. रात्री उशिरा शिकणाऱ्याला थेट वर्गाचा काही उपयोग नाही, त्याला रेकॉर्डिंग हवं. एकच प्रशिक्षण दहा वेळा देणाऱ्याला चर्चेचा फोरम नको, नीट बांधलेला स्वयंअध्ययनाचा कोर्स हवा.

‘सगळेच करत आहेत’ हे दुखणं नव्हे. पण खरं सांगायचं तर निम्म्या बैठका याच कारणाने बोलावलेल्या असतात, आणि ते पाच मिनिटांत कळतं.

एलएमएस घ्यावंच लागतं का?

नाही. एलएमएस म्हणजे विद्यार्थ्यांची नोंद, अभ्याससाहित्य, असाइनमेंट, चाचण्या, गुण आणि प्रगतीचा मागोवा एका जागी ठेवणारी व्यवस्था. तीस विद्यार्थी, एक शिक्षक आणि सहा आठवड्यांचा कोर्स असेल, तर सामायिक फोल्डर, व्हिडिओ कॉल आणि ईमेलवर भागतं. कोर्स तीन-चारच्या पुढे गेले, शिक्षक वेगवेगळे झाले आणि ‘कोणाचं काय राहिलं आहे’ हे विचारायला फोन करावे लागू लागले, की एलएमएसची वेळ झाली असं समजा.

कल्पना तशी जुनीच आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची संगणकावर शिकवणारी प्रणाली १९६० मध्येच सुरू झाली होती. तेव्हा तुम्ही उशीर केला आहे अशी घाई कोणी करत असेल, तर मनावर घेऊ नका.

विद्यार्थ्यांकडे साधनं आणि इंटरनेट आहे का, हे कसं तपासायचं?

ऑनलाइन फॉर्म पाठवून तर मुळीच नाही! हसू नका, हे मी स्वतः केलेलं आहे. पहिल्यावहिल्या कामात फॉर्म पाठवला, जवळपास सगळ्यांकडे इंटरनेट असल्याचं सुखद चित्र आलं आणि मी ते तक्त्यात घालून सादरही केलं. मागच्या बाकावरच्या एका क्लार्क बाईंनी शांतपणे विचारलं, “सर, ज्यांच्याकडे नाही त्यांनी फॉर्म भरला कसा असेल?” त्यानंतर मी हे सर्वेक्षण कागदावर किंवा फोनवरच करतो, आणि उत्तर न देणाऱ्यांची संख्या वेगळी मांडतो.

प्रश्नही नीट विचारावे लागतात. ‘तुमच्याकडे स्मार्टफोन आहे का?’ याला ‘हो’ येतं, पण तो फोन घरातल्या चौघांत एकच असतो आणि दिवसभर कोणाच्या तरी खिशात बाहेर गेलेला असतो. म्हणून असं विचारा: फोन तुमच्या हातात सलग एक तास कधी असतो? महिन्याचा डेटा कितव्या तारखेला संपतो? फोनमध्ये रिकामी जागा किती आहे? दोन पानांचं उत्तर टाइप करायची वेळ आली तर कशावर करणार? या शेवटच्या प्रश्नाने माझे दोन आराखडे मुळापासून बदलले आहेत. फोनवर व्हिडिओ बघता येतो, निबंध लिहिणं म्हणजे शिक्षा.

डेटा किती लागेल, याचा अंदाज कसा बांधायचा?

यासाठी सल्लागार लागत नाही, गुणाकार पुरतो. शिकवण्याचा साधा व्हिडिओ, म्हणजे बोलणारा माणूस आणि स्लाइड, ५०० केबीपीएसला (सेकंदाला ५०० किलोबिट) बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. ५०० गुणिले ६०० भागिले ८ (आठ बिटांचा एक बाइट), म्हणजे सुमारे ३७.५ एमबी. आठवड्याला असे सहा व्हिडिओ दिले की २२५ एमबी. बारा आठवड्यांचा कोर्स २.७ जीबी. विद्यार्थी २०० असतील तर सर्व्हरवरून एकूण ५४० जीबी बाहेर जाणार, तेही प्रत्येकाने व्हिडिओ एकदाच पाहिला असं धरून. परीक्षेच्या आदल्या रात्री कोणी एकदाच पाहत नाही.

थेट वर्गाचा हिशेब जास्त बोचतो. दीड तासाचा वर्ग १ एमबीपीएसला ६७५ एमबी खातो. आठवड्याला तीन वर्ग म्हटलं तर विद्यार्थ्याच्या डोक्यावर दोन जीबी. तोच वर्ग फक्त आवाज आणि आधी पाठवलेल्या पीडीएफवर घेतला, तर काम त्याच्या लहानशा अंशात होतं. हे आकडे विद्यार्थ्यांच्या महिन्याच्या डेटाशेजारी लिहून ठेवा, मग थेट वर्ग किती घ्यायचे हा वाद आपोआप मिटतो.

शिक्षकांचं काम ऑनलाइनमुळे कमी होतं ना?

पहिल्या वर्षी तर नाहीच. आणि हा प्रश्न व्यवस्थापन विचारतं, शिक्षक विचारत नाहीत, हेही बघण्यासारखं आहे.

एका आठवड्याचा धडा तयार करताना मी एकदा एका शिक्षिकेशेजारी घड्याळ घेऊन बसलो होतो. विषय त्यांच्या हातखंड्याचा, पंधरा वर्षं शिकवलेला. जुन्या टिपणांवरून व्हिडिओची संहिता लिहायला त्यांना साडेतीन तास लागले, कारण वर्गात हातवाऱ्यांनी आणि ‘कळलं का?’ने जे भरून निघतं ते इथे वाक्यात लिहावं लागतं. स्लाइडना दोन तास. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करायला दोन तास: पहिल्यांदा पंख्याचा आवाज आला, पंखा बंद केला तर घाम आला, तिसऱ्यांदा शेवटच्या मिनिटाला फोन वाजला. संपादन दीड तास. दहा प्रश्नांच्या चाचणीला आणखी दोन तास, कारण प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे ‘हे का चूक’ लिहायचं होतं. बेरीज अकरा तास. वर्गात शिकवताना हाच धडा बाई तयारीसकट दोन तासांत उरकत. पुढच्या धड्यांना वेळ कमी लागला, सरावाने लागणारच. पण वेळापत्रकात त्यांच्या नावावर या कामासाठी एकही तास नव्हता. सगळं रात्री, घरी.

दुसरा भाग तपासणीचा. ६० विद्यार्थी, दर आठवड्याला एक असाइनमेंट, प्रत्येकीला नुसती १५ मिनिटं धरली तरी आठवड्याचे १५ तास जातात. फोरमवरच्या शंका वेगळ्या. म्हणून माझ्या अहवालात ‘शिक्षक-तास’ नावाचा तक्ता सगळ्यात वर असतो: धडा तयार करणं, दुरुस्त करणं, तपासणं, शंकांना उत्तरं, प्रत्येकाचे तास आणि त्यापुढे माणसाचं नाव. नावाचा रकाना रिकामा राहिला, तर प्रकल्प तूर्त व्यवहार्य नाही असं मी सरळ लिहितो.

व्हिडिओ किती मोठे असावेत? स्टुडिओ लागेल का?

एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या प्लॅटफॉर्मवरच्या चार अभ्यासक्रमांतले व्हिडिओ सुमारे ६९ लाख वेळा पाहिले गेले, त्याचं विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. सहा मिनिटांपेक्षा लहान व्हिडिओ लोक टिकून पाहतात, लांबी वाढली की सुटतात, असं त्यात दिसलं. वर्गातल्या तासाचं रेकॉर्डिंग नंतर कापून तुकडे केले, तरी ते मुद्दाम लहान बनवलेल्या व्हिडिओची बरोबरी करत नाही. आणि टेबलापाशी बसून सहज बोललेले व्हिडिओ महागड्या स्टुडिओतल्यांपेक्षा लोकांना जास्त धरून ठेवू शकतात.

तेव्हा स्टुडिओ नको. चांगला कॉलर माइक घ्या. अंधूक चित्र लोक सोसतात, खरखरणारा आवाज दोन मिनिटंही ऐकत नाहीत.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घ्यावं की भाड्याने तयार सेवा?

मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो, अशा एलएमएसमध्ये मूडल सगळ्यात परिचित. ऑस्ट्रेलियात मार्टिन डुगियामस यांनी ते सुरू केलं, पहिली अधिकृत आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली. ओपन एडएक्स हे एमआयटी आणि हार्वर्ड यांच्या २०१२ च्या एडएक्स उपक्रमातून पुढे आलं आणि त्याचा कोड २०१३ मध्ये खुला झाला. मोठ्या संख्येने येणाऱ्या, एकेकट्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ते बरं, पण सांभाळायला जड. तयार सेवांमध्ये सर्व्हरची कटकट तुमची नसते, मात्र दर विद्यार्थ्यामागे पैसे मोजावे लागतात आणि संख्या वाढली की बिल वाढतं.

माझा ठोकताळा असा: संस्थेत सर्व्हर सांभाळू शकणारी किमान दोन माणसं असतील तर मुक्तस्रोत घ्या. एकच असेल तर तो रजेवर गेल्यावर काय, हे ठरेपर्यंत नको. एकही नसेल तर भाड्याची सेवा घ्या, किंवा मूडलच पण बाहेरून होस्ट केलेलं. वैशिष्ट्यांची तुलना करणारे चाळीस रकान्यांचे तक्ते मला फारसे उपयोगी वाटत नाहीत. चाळिसातली सहा-सात सोडली तर बाकीची कोणी उघडूनही बघत नाही.

मूडल तर मोफत आहे. मग खर्च कसला?

परवाना मोफत. बाकी काहीच मोफत नाही. सर्व्हर, बॅकअप, अद्ययावत आवृत्त्या, सुरक्षिततेची डागडुजी, आणि ‘पासवर्ड विसरलो’ म्हणणाऱ्यांना उत्तर देणारा माणूस.

आणि बारीकसारीक खडे. मूडलमध्ये क्रॉन नावाची एक गोष्ट दर मिनिटाला आपोआप चालावी लागते. ती लावायची राहिली तर साइट बाहेरून ठणठणीत दिसते, पण सूचनांचे ईमेल जात नाहीत आणि ‘आम्हाला कळवलंच नाही’ अशा तक्रारी सुरू होतात. मूडल ज्या भाषेत लिहिलेलं आहे त्या पीएचपीमध्ये फाइल अपलोडची मूळ मर्यादा २ एमबी असते. ती वाढवली नाही, तर शिक्षकाची आठ एमबीची पीडीएफ चढत नाही आणि दोष मूडलला जातो. नव्या सर्व्हरवरून एकदम तीनशे जणांना खात्याचे ईमेल पाठवले, की बरेचसे स्पॅममध्ये जाऊन पडतात. यातलं काहीच अवघड नाही. माहीत असलेला माणूस लागतो, आणि तो मोफत नसतो.

खर्च मांडायचा कसा?

तीन वर्षांचा मांडा, एका वर्षाचा नको. पहिल्या वर्षी उभारणीचा खर्च डोळ्यांत भरतो आणि पुढचा आवर्ती खर्च दिसत नाही; अनुदान मिळालं असेल तर हे हमखास होतं. अनुदान संपल्यावरच्या पहिल्या महिन्याचं बिल कोण भरणार, त्याचं नाव आजच लिहा.

भागाकार करताना खाली नोंदणी झालेल्यांची संख्या घेऊ नका, कोर्स पूर्ण करणाऱ्यांची घ्या. ३०० जणांनी नाव नोंदवलं आणि ९० जणांनी पूर्ण केलं, तर दरडोई खर्च तिपटीहून जास्त निघतो. हा आकडा कोणालाच आवडत नाही. पण लेखापरीक्षकाने विचारण्याआधी आपण विचारलेला बरा.

गळती किती धरायची?

विद्यार्थी कशासाठी आले आहेत त्यावर. एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्सवरच्या खुल्या अभ्यासक्रमांत २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्केच शेवटपर्यंत पोहोचले. पण ज्यांनी पैसे भरून प्रमाणपत्राची वाट धरली होती, त्यांच्यातले ४६ टक्के पोहोचले. साहित्य तेच, प्लॅटफॉर्म तोच. फरक गरजेचा आणि पदराला बसणाऱ्या झळीचा.

गळती तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दिसायला लागते असा माझा अनुभव. त्या आठवड्यात लॉगिन न केलेल्यांना फोन करायला माणूस ठेवा. आपोआप जाणारा ईमेल चालत नाही, खरा फोनच हवा. “काय झालं, दिसला नाहीत?” एवढ्या एका वाक्यावर परत आलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

परीक्षा ऑनलाइन घेता येतील का?

सराव चाचण्या खुशाल घ्या. अंतिम परीक्षेबद्दल मात्र मी कंजूष आहे.

एका ठिकाणी पंचवीस जणांच्या पायलटमध्ये, म्हणजे आधी लहान प्रमाणावर करून बघण्याच्या टप्प्यात, चाचणी सुरळीत पार पडली. त्या भरवशावर १८० जणांची चाचणी ठेवली, सकाळी ११ वाजता. सगळ्यांनी १०:५८ ला पान उघडलं, ते सारखं रिफ्रेश करत बसले आणि ११ च्या ठोक्याला सगळ्यांनी एकदम ‘सुरू करा’ दाबलं. सर्व्हरने मान टाकली. चाळीस मिनिटांनी साइट परत आली तेव्हा काहींची चाचणी सुरू झालेली, काहींची नाही, आणि घड्याळ मात्र सगळ्यांचंच पळत होतं. चाचणी रद्द झाली. पुढच्या वेळी साठ-साठच्या तीन तुकड्या केल्या, प्रश्नपेढीतून प्रत्येकाला वेगळे प्रश्न दिले, पानावरची चित्रं काढून टाकली. त्याच सर्व्हरवर निभावलं. म्हणून एकूण विद्यार्थी किती यापेक्षा एकाच मिनिटाला किती जण येणार, हा आकडा अहवालात हवा.

नकलेचं म्हणाल तर, कॅमेऱ्याने पहारा ठेवणारी सॉफ्टवेअर्स मिळतात. त्यांना वेगवान इंटरनेट लागतं, शांत खोली लागते, आणि घरात लहान मूल रडलं तरी संशयाची खूण उमटू शकते. त्यापेक्षा पुस्तक उघडं ठेवूनही डोकं चालवावं लागेल असे प्रश्न काढावेत, शंका आलीच तर दहा मिनिटं तोंडी विचारावं. श्रेयांकाची अंतिम परीक्षा असेल तर केंद्रावर बोलावणं अजूनही सगळ्यात कमी तापाचं.

तयार केलेलं साहित्य पुढे दुसऱ्या प्रणालीत नेता येईल का?

आधी विचार केला असेल तर येईल. स्कॉर्म हे त्यासाठीचं जुनं, सर्वत्र चालणारं मानक. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ ची, तरीही आजच्या बहुतेक प्रणाली ती वाचतात. एक्सएपीआय त्यानंतर, २०१३ मध्ये आलं आणि एलएमएसच्या बाहेर झालेलं शिकणंही नोंदवू शकतं. बाहेरची साधनं एलएमएसला जोडायची असतील तर एलटीआय नावाचं मानक. करार करताना ‘आमचं साहित्य आणि गुण कोणत्या स्वरूपात परत मिळतील?’ हे लेखी घ्या.

फ्लॅशचं काय झालं ते आठवा. ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार संपला आणि वर्षानुवर्षं खपून केलेली ॲनिमेशन एका रात्रीत अडगळ झाली. मराठी मजकुराचंही तसंच: तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर वेबवर अक्षरांची खिचडी दिसेल आणि शोधही घेता येणार नाही. तो बदलण्याचे आणि मुद्रितशोधनाचे तास तक्त्यात धरा. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर जोडाक्षरांवर हटकून घसरतं.

अपंग विद्यार्थ्यांसाठी वेगळं काय करावं लागतं?

सुरुवातीलाच केलं तर थोडं, नंतर केलं तर सगळं. वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची आहे. त्यातली मधली, म्हणजे एए पातळी धरून चालावं: मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ इतका उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट), व्हिडिओला सबटायटल्स, चित्रांना वर्णन. स्कॅन केलेली पानं पीडीएफ म्हणून चढवू नका, स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ती कोरीच दिसतात.

दहा मिनिटांची एक चाचणी तुम्हीच करा. माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब व एंटरच्या जोरावर लॉगिन करून एक असाइनमेंट जमा करून दाखवा. व्हेंडरच्या माणसाला सगळ्यांसमोर करायला लावली तर आणखी चांगलं.

विद्यार्थ्यांच्या माहितीचं आणि कॉपीराइटचं काय?

कायदे देशोदेशी वेगळे, त्यामुळे वकिलाला एकदा विचाराच. सगळीकडे लागू पडणारं शहाणपण एवढंच की जी माहिती लागत नाही ती घेऊच नका. जन्मतारीख आणि घरचा पत्ता कोर्सला खरोखर लागतो का? अल्पवयीन असतील तर पालकांची संमती. रेकॉर्डिंगमध्ये विद्यार्थ्यांचे चेहरे येणार असतील तर आधी सांगणं. आणि शिक्षकाने नोकरी सोडल्यावर त्याचे व्हिडिओ कोणाचे, हे रेकॉर्डिंगच्या आधी लिहून घ्या. नंतर हा विषय काढला की संबंध बिघडतात.

पायलट किती मोठा असावा?

एक कोर्स, वीस ते चाळीस विद्यार्थी, सहा ते आठ आठवडे. उत्साही शिक्षक आणि हुशार तुकडी निवडून पायलट यशस्वी करण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्याने कळत काहीच नाही. एक उत्साही शिक्षक घ्या आणि एक कुरकुरणारा. कुरकुरणाऱ्याला आपल्या तक्रारी वहीत लिहायला सांगा आणि ती वही जपून ठेवा, खरा अहवाल त्यातच असतो.

पायलट सुरू होण्याआधीच ‘किती जणांनी पूर्ण केलं तर पुढे जायचं’ हे ठरवून सही करून ठेवा. नंतर ठरवलं, तर जो निकाल येईल तोच यश ठरतो.

सगळं मिळून किती महिने लागतात?

गरज आणि सर्वेक्षणाला एक महिना, पायलटची तयारी दोन ते तीन महिने, पायलट दोन महिने, त्यावर विचार आणि दुरुस्ती एक महिना. म्हणजे सहा-सात महिने. ‘पुढच्या सत्रापासून सगळं ऑनलाइन’ ही घोषणा सत्राच्या दीड महिना आधी झाली असेल, तर सगळं न करता एक कोर्स करा.

व्हेंडरच्या डेमोत काय बघावं?

त्याला दाखवू देऊ नका, तुम्ही चालवा. तुमच्यातला सगळ्यात कमी तंत्रस्नेही शिक्षक खुर्चीत बसवा आणि त्याला एक धडा चढवून, चाचणी लावून, गुण काढायला सांगा. व्हेंडरने तोंड उघडायचं नाही. हेच एखाद्या स्वस्त फोनवर, वायफाय बंद करून पुन्हा करा. बॅकअप आहे असं म्हणाला, तर परवाच्या बॅकअपमधून एक कोर्स परत आणून दाखवायला सांगा. परत न आणता येणारा बॅकअप म्हणजे नुसती भरलेली डिस्क.

‘हे आत्ता नको’ असं कधी म्हणायचं?

हाताने करायचं कौशल्य हाच कोर्सचा गाभा असेल आणि सरावाची जागा दुसरीकडे नसेल तेव्हा. विद्यार्थ्यांतल्या मोठ्या गटाकडे टाइप करण्याजोगं साधन नसेल आणि संस्था ते देणार नसेल तेव्हा. शिक्षकांच्या तासांचा तक्ता भरला जात नसेल तेव्हा. एरवी बहुतेक वेळा मधला मार्ग निघतो: सिद्धांत ऑनलाइन, प्रात्यक्षिक समोरासमोर.

‘नको’ लिहिलेले अहवाल मी तीनदा दिले. दोनदा मानधन उशिरा मिळालं. तिसऱ्या संस्थेने दोन वर्षांनी परत बोलावलं. तोवर त्यांनी आठवड्यातला एक दिवस शिक्षकांना धडे तयार करण्यासाठी मोकळा केला होता.

अहवाल किती पानांचा असावा?

बारा-पंधरा पुरे. पहिल्या पानावर निर्णय: हो, नाही, किंवा या अटींवर हो. दुसऱ्यावर शिक्षक-तासांचा तक्ता, नावांसकट. तिसऱ्यावर तीन वर्षांचा खर्च. मंजुरी देणारे तिसऱ्याच्या पुढे सहसा जात नाहीत, त्यामुळे सर्व्हरची माहिती मागे ढकलायला हरकत नाही.